विसण

एके काळी आमच्या घरात माझ्या उजव्या कोपराला फार मान होता. बाबांच्या आंघोळीचं पाणी बरोबर झालं की नाही, हे माझं कोपर ठरवायचं. कढत पाण्यात गार पाणी किती ओतायचं, म्हणजे विसण किती घालायचं, याचा निकाल चौदा वर्षांच्या पोरीकडे असे, आणि समुद्रावर सहा माणसांना हुकूम सोडणारे माझे बाबा तो मुकाट मानत. मग एका माघात तो मान गेला. पुढे पंधरा वर्षं माहेरात मला कोणी आंघोळीच्या पाण्याला हात लावू दिला नाही. माझ्या स्वतःच्या मुलीच्या पाण्यालासुद्धा नाही. यात माझी चूक किती होती, हे कळायला मला तेवढीच वर्षं लागली. कळलं तेव्हा मला रडू आलं नाही, राग आला. तो अजून गेलेला नाही, आणि आता जावा अशी माझी फारशी इच्छाही नाही.

आमचं घर घिवलीला, किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. परसात उंडीच्या झाडाखाली तीन मोठ्या दगडांवर एक तांब्याची काहील बसवलेली होती. आजोबांच्या वेळची. जाळी सुती होती तेव्हा ती खाऱ्या पाण्यानं कुजू नयेत म्हणून ऐनाच्या सालीच्या काढ्यात उकळून काढत, त्या कामाची ती काहील. नायलॉनची जाळी आली आणि तिचं काम संपलं. दोन-तीन वर्षं तीत कोंबड्या अंडी घालत होत्या.

बाबा तांडेल, म्हणजे होडीचे मुख्य. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून होडी लोटण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलेलं. एका थंडीत त्यांचे गुडघे इतके धरले, की ओटीची पायरी चढताना ते खांबाला मिठी मारायचे. त्यांनीच एक दिवस कोंबड्यांना हुसकून काहील चिंचेनं घासून घेतली, पाणी भरलं, खाली सुरूची लाकडं पेटवली, आणि पाणी ऊन झाल्यावर आत उतरून छातीपर्यंत बुडून बसले. बाहेर आले ते माणसासारखे चालत. त्या दिवसापासून आमच्या परसात ही आंघोळ सुरू झाली. शेजारच्या बायका मुद्दाम डोकावायच्या आणि तोंडाला पदर लावून आईला विचारायच्या, "तांडेलाला शिजाला घातलंस काय गो?" आई म्हणायची, "शिजला तर तुमाला पन वाटी देईन."

पण काहीलीत बसणं म्हणजे खेळ नव्हता, आणि बाबा काही वेडे नव्हते. पाणी तापलं की खालचा विस्तव सगळा ओढून घ्यायचा, निखारा न् निखारा, आणि त्यावर ओली गोणी टाकायची. मग तळाला सुरूची जाड फळी ठेवायची, म्हणजे पाय तांब्याला लागत नाहीत. मग मी कोपर बुडवायचं. तळहातानं बघायचं नाही, कारण कामाचा हात खोटं बोलतो. कोपराची कातडी कोवळी असते, ती खरं सांगते. हे बाबांचं म्हणणं. ताडी घेतली असेल त्या दिवशी आंघोळ बंद. एकट्यानं बसायचं नाही. बाहेर कोणीतरी असलंच पाहिजे आणि दोघांनी सारखं बोलत राहायचं, कारण ऊन पाण्यात माणसाला गुंगी येते आणि त्याचं त्याला कळत नाही. वेळेला घड्याळ नव्हतं. बाबा आत उतरले की आई चुलीवर भात ठेवायची. भात उतरला की तिनं आतून हाक मारायची आणि बाबांनी बाहेर यायचं, तेही आधी कडेला टेकून, थोडं थांबून, माझ्या खांद्यावर हात ठेवून. एकदम उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते.

बाहेर बसून बोलणारी ती मीच. मला ते फार आवडायचं. एरवी बाबा घरात बोलायचे ते "मीठ दे" आणि "जाळं कुठंय" एवढंच. काहीलीत बसले की ते सुटायचे. कुठल्या खडकाजवळ कुठला मासा लागतो, कुठल्या साली घोळीनं जाळं कसं फाडलं, सगळं मला सांगायचे. आमच्या घरात पोरीला होडीवर चढायची बंदी, पण निम्मा समुद्र मला तोंडपाठ होता. तांडेल पायांनी होडी चालवतो, असं ते म्हणत. अनवाणी फळीवर उभं राहिलं की खालून पाणी कुठे ओढतंय, हे तळव्याला कळतं. ते ज्याला कळत नाही त्यानं वल्हं मारावं, सुकाण धरू नये. त्यांच्या तोंडून हे मी इतक्यांदा ऐकलं होतं, आणि तरी मला काही कळलं नाही.

खुणा तर सगळ्या समोर होत्या. त्या पावसाळ्यानंतर बाबा दोनदा एकच चप्पल घालून घरी आले. दुसरी वाटेत गळून पडलेली. आम्ही पोट धरधरून हसलो. दादा, माझा मोठा भाऊ, माझ्याहून आठ वर्षांनी मोठा, म्हणाला, "बाबा, बाजारात सोडून आलात तो पाय तर नवता ना?" मग एकदा त्यांच्या टाचेत शिंगाळा माशाचा काटा मोडलेला सापडला. शिंगाळ्याचा काटा लागला की धडधाकट पुरुष रेतीवर लोळतो. बाबा तो घेऊन किनाऱ्यावरून घरापर्यंत चालत आले होते, जेवले होते, आणि रात्री आईला तो अंथरुणात टोचला तेव्हा समजलं. मी दुसऱ्या दिवशी शाळेत फुशारकी मारली, की माझ्या बाबांची कातडी कासवाची आहे.

दिवाळीच्या आधी दादा त्यांना बोईसरला डॉक्टरकडे घेऊन गेला. सारखी तहान लागायची, सारखं बाहेर जावं लागायचं, सदरा अंगावर लोंबायला लागला होता. संध्याकाळी परत आले तेव्हा दादानं सांगितलं, "साखर निघाली. चहा फिका द्यायचा, भात कमी." आईनं साखरेचा डबा वरच्या फळीवर ठेवला. झालं. दादा तेव्हा नुकताच औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लागला होता, अजून कायम झालेला नव्हता. होळीनंतर कायम करणार होते. शिफ्टच्या बसनं जायचा, यायचा, आणि अंगाला येणारा औषधाचा वास आम्हाला अभिमानानं हुंगायला लावायचा. घरातला पहिला माणूस, जो जाळ्यावर पोट भरणार नव्हता.

त्या माघात थंडी जास्त होती. मी नेहमीप्रमाणे विस्तव ओढायला बसले, तर बाबा म्हणाले, "सगळा नको काढूस, बाय. पानी लवकर निवतं. थोडा राहू दे बुडाला."

मी म्हटलं, "पण तुमीच सांगता ना, सगळा काढायचा?"

"थोडा राहू दे. गुडघं लय दुखतात आज."

"बूड तापंल ना, बाबा. पायाला लागंल."

"लागलं की सांगतो."

हे तीन शब्द मी आयुष्यात विसरणार नाही. लागलं की सांगतो. मी चौदा वर्षांची होते आणि बाबा बाबा होते. मी ओंजळभर निखारे मागच्या दगडाशी राहू दिले. फळी ठेवली. कोपर बुडवून बघितलं; पाणी बरोबर होतं, विसण दोन कळशा घातलं. बाबा उतरले. भात चुलीवर चढला. त्या दिवशी ते मला सांगत होते, की लहानपणी त्यांच्या आजोबांनी त्यांना डोळे बांधून होडीवर उभं केलं होतं आणि नुसत्या पायांवरून खाडीचं तोंड ओळखायला लावलं होतं. सगळी गोष्ट मला अजून आठवते. मध्ये एकदाही थांबले नाहीत. फळीवरून त्यांची टाच कधी घसरली, ते मला दिसलं नाही. पाणी ऐनाच्या रंगानं कायमचं थोडं तांबूस दिसायचं, तळ दिसत नसे. एवढंच दिसलं, की त्यांचा चेहरा अगदी शांत होता.

आईनं हाक मारली. बाबा कडेला टेकले, थांबले, माझ्या खांद्यावर हात ठेवून बाहेर आले आणि धुण्याच्या दगडावर उभे राहिले. आई पंचा घेऊन आली, तिची नजर खाली गेली आणि ती तिथेच थांबली. डाव्या टाचेची कातडी दगडावर राहिली होती. मी ओरडले. बाबांनी आधी आईच्या तोंडाकडे बघितलं, मग माझ्या, आणि मग खाली. त्यांना ते आमच्या चेहऱ्यांवरून कळलं.

दादा कामावरून आला तेव्हा बाबा ओटीवर पाय पुढे करून बसले होते आणि आई त्यावर खोबरेल लावत होती. दादानं पाय बघितला आणि मग काहीलीखाली वाकून बघितलं. निखारे अजून धुमसत होते. "विस्तव कोनी ठेवला?" त्यानं विचारलं.

"मी. पण बाबा म्हनाले..."

"माझा डोळा लागला," बाबा मध्येच म्हणाले. "पोरगी हाय, राहिला असंल हातून."

मी बघतच राहिले. डोळा लागला नव्हता. डोळे बांधून उभं केल्याची गोष्ट ते मला शेवटपर्यंत सांगत होते. मी तसं म्हणाले, तर आईनं माझ्या तोंडावर हात ठेवला. तिच्या हाताला खोबरेलाचा वास होता.

जखम भरलीच नाही. टाच काळी पडली, मग बोटं. आधी पालघरला नेलं, तिथून मुंबईला, आणि पाऊस सुरू व्हायच्या आत डावा पाय गुडघ्याखालून काढला. सुकाण चुलत काकांकडे गेलं. होळी आली, गेली, दादा कायम झाला. माझी नववी अर्धी राहिली, कारण मलमपट्टी करायला घरात कोणीतरी हवं होतं, आणि ज्याच्या हातून झालं त्यानंच करावं, असं कोणी न बोलताही ठरून गेलं. बघायला येणारी माणसं ओटीवर बसून विचारायची, कसं झालं म्हणून. बाबा समुद्राकडे बघायचे. दादा सांगायचा, "पोरीच्या हातून विस्तव राहिला." वाईट आवाजात नाही हं, अगदी समजूतदारपणे सांगायचा. आलेली बाई माझ्याकडे बघून चुकचुकायची आणि चहा प्यायची. अख्ख्या गावानं माझ्या डोक्यावर खापर फोडलं आणि वरून माझ्या डोक्यावरून हातही फिरवला. खरं सांगते, शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

काहील पालथी घातली गेली. आई मला चुलीशी येऊ द्यायची, विहिरीवर जाऊ द्यायची, पण आंघोळीचं पाणी काढायला लागले की येऊन माझ्या हातातून तांब्या काढून घ्यायची. रागानं नाही. नुसता काढून घ्यायची.

बाबा त्यानंतर सहा वर्षं होते. एकदा घरात कोणी नसताना मी त्यांची पट्टी बदलत होते, तेव्हा ते हळूच म्हणाले, "तुजा काय दोष नाय, बाय." मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. किती मोठ्या मनाचा माणूस, असं मला वाटलं. पाय गेला आणि पोरीला माफ करतोय. ते वाक्य मी वर्षानुवर्षं जपून ठेवलं होतं. आता त्याची इतकी चीड येते, की काय सांगू. दोष नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच ते म्हणाले. आणि म्हणाले ते घरात कोणी नसताना.

माझं लग्न पालघरला झालं. मुलगी झाली तेव्हा बाळंतपणाला माहेरी आले. बाबा गेले होते. पाचव्या की सहाव्या दिवशी आई बाजारात मासळी घेऊन गेली होती आणि न्हाऊ घालायला येणाऱ्या म्हातारीला उशीर झाला. बाळ रडत होतं. मी उठून घंगाळात पाणी काढलं, विसण घातलं, कोपर बुडवलं. पाणी अगदी बरोबर होतं. तेवढ्यात आई टोपली घेऊन परत आली. तिनं टोपली टाकली, घंगाळ उचललं आणि सगळं पाणी मोरीत ओतलं. मग तिनं स्वतः दुसरं पाणी काढलं. मी भिंतीला टेकून बसून राहिले. माझ्या मनात तेव्हा आलं, की खरंच, माझ्या हातालाच काही झालं असेल. घरी पालघरला मी रोज मुलीला आंघोळ घालायचे, पण प्रत्येक वेळी नवऱ्याला हाक मारायचे, "जरा बघा हो पाणी." त्याला वाटायचं, बायको लाडात आहे.

आणि मग दादाचा बंगला.

दादा कारखान्यातून बाहेर पडून कंत्राटदार झाला होता. माणसं पुरवायचा, टाक्या बसवायचा. सालवडला त्यानं दोन मजल्यांचा बंगला बांधला, आणि वास्तुशांतीला आम्हाला सगळ्यांना बोलावलं. बंगल्यात बघण्यासारखं काय, तर न्हाणीघर. तिथे फिकट निळ्या रंगाचा, दोन माणसं ऐसपैस बसतील एवढा टब होता, आणि वसाहतीतल्या एका फिटरकडून त्यानं त्याला मोटर लावून घेतली होती. बटण दाबलं की गरम पाणी बाजूंनी उसळायचं. पाहुणे रांग लावून बघून गेले. पूजा सांगणारे भटजीसुद्धा वाकून बघून गेले.

दुपारी पाहुणे पांगल्यावर घरातलेच उरलो. आई, वैनी आणि मी. आई बाहेरच्या खोलीत सोफ्याच्या कडेवर बसली होती. तिला सोफ्यात बुडून बसायची भीती वाटायची. दादा म्हणाला, "चल, तुला नीट दाखवतो," आणि मला आत घेऊन गेला. गिझरचा नळ सोडला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि टबाच्या काठावर बसून पाय आत सोडले. "बघ, मोटर बाहेर हाय, भिंतीपलीकडं. अर्थिंग केलेलं. इथं खाली रबराची चटई, पाय घसरत नाय. एकदम उठायचं नाय. पिऊन बसायचं नाय. बीपीवाल्यानं दहा मिनिटांच्या वर नाय. डॉक्टरला सगळं विचारून घेतलंय." त्यालाही चार वर्षांपूर्वी साखर निघाली होती, ते मला माहीत होतं. मी म्हटलं, "आणि साखरवाल्यानं?"

"तेच," तो म्हणाला. पाणी उसळत होतं, तो खुशीत होता, जरा मोठ्यानं बोलत होता. "पायाला मुंग्या असतील, बधिर असतील, तर गरम पाणी बिलकुल नाय. माझा डॉक्टर पन तेच बोलतो, जे बाबांच्या डॉक्टरनं सांगितलेलं."

मी विचारलं, "बाबांच्या डॉक्टरनं कधी सांगितलं?"

दादानं बटण बंद केलं. पाणी उसळायचं थांबलं. तो नळाकडे बघत राहिला.

"कधी, दादा?"

"तेव्हाच की. दिवाळीच्या आधी नेलं होतं ना."

दिवाळीच्या आधी. आणि काहील पेटली माघात. मधले तीन महिने मी रोज कोपर बुडवत होते आणि ते दोघे बघत होते.

"तुला माहीत होतं, बाबांच्या पायाला कळत नाय ते?"

"डॉक्टरनं सुई टोचून बघितली. एकदा नाय, चारदा. बाबा दुसरीकडंच बघत होते." तो आता हळू बोलत होता. "बाहेर आल्यावर मला शपथ घातली त्यांनी. पायाला कळत नाय असं कळलं तर दुसऱ्या दिवशी सुकाण काढून घेतलं असतं. तूच सांग, तांडेलाला घरी बसवलं असतं तर काय राहिलं असतं?"

"आणि तुला काय घरी बसवत होतं?"

बाबा घरी बसले असते तर होडीवर कोणाला जावं लागलं असतं? थोरल्या मुलाला. होळीनंतर कायम होणाऱ्या मुलाला. म्हणून बाबांनी सुकाण वाचवलं, ह्यानं नोकरी वाचवली, आणि दोघांनी मिळून निखारे माझ्या हातात दिले.

"तू लोकांना सांगत होतास," मी म्हटलं. "ओटीवर बसून. माझ्यासमोर. पोरीच्या हातून राहिला म्हनून."

"जाऊ दे आता. पंधरा वर्षं झाली. बाबा पन गेले." आणि त्यानं पाय पाण्यात आणखी खाली सोडले, जसं काही विषय संपला.

तेव्हा मला वाफ दिसली. बोलण्याच्या नादात गिझरचा नळ बंद करायचा राहिला होता. मी वाकून कोपर बुडवलं आणि झटक्यात काढून घेतलं. कातडी चरचरली. दादाचे दोन्ही पाय पोटऱ्यांखाली त्या पाण्यात होते आणि तो माझ्याकडे बघत होता, अगदी शांत चेहऱ्यानं. तो चेहरा मी आधी एकदा बघितला होता.

"पाणी कसं आहे, दादा?" मी विचारलं.

"बरं हाय."

"पायाला लागत नाय?"

"लागलं की सांगतो."

मी एक क्षण काहीही केलं नाही. हे लिहायला नको वाटतं, पण लिहिते. एक क्षण मी तशीच वाकून उभी राहिले आणि मनात म्हटलं, राहू दे. दादा बाबांसारखंच बोलत होता, आणि ह्या वेळी मला खरं माहीत होतं, एवढाच फरक. मग मी त्याच्या पोटऱ्या धरून पाय बाहेर ओढले, गरम नळ बंद केला, गार पाण्याचा पूर्ण सोडला आणि बुडाचं बूच काढलं. पाय घोट्यापर्यंत लाल झाले होते. त्यानं वाकून ते बघितले आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. कढत पाणी निघून गेल्यावर मी बूच लावलं आणि त्याला पाय गार धारेखाली धरायला लावले. वैनीला हाक मारून म्हटलं, डॉक्टरला फोन करा, आणि आईला इथं आणा.

"आईला कशाला?" दादा म्हणाला.

"तू सांगनार आहेस तिला. आत्ता."

आई भिंतीला धरून आली. वैनीनं स्टूल दिलं, त्यावर बसली. तिनं टब बघितला, पाय बघितले. दादानं मान खाली घालूनच सांगितलं. डॉक्टर, सुई, शपथ, सगळं. मध्ये दोनदा अडखळला. मी आईच्या तोंडाकडे बघत होते. मला वाटत होतं, आता ती उठेल, माझा हात धरेल. रडेल तरी. पंधरा वर्षं मी ज्याची वाट बघत होते ते आता होईल.

आई म्हणाली, "मला ठावं होतं."

नळाचं पाणी तेवढं वाहत होतं.

"काटा घेऊन झोपला होता मानूस," ती म्हणाली. "बायकोला नाय कळनार तर कोनाला कळंल? मी रोज रात्री तेच्या पायाला चिमटा काढून बघायची. तेला जाग नवती येत."

"मग माझ्या हातातून तांब्या का काढून घ्यायचीस? माझ्या पोरीचं पाणी मोरीत का ओतलंस, आई?"

तिनं माझ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर मला लाज शोधायची होती. ती होती की नव्हती, मला अजून ठरवता येत नाही.

"कोनावर तरी जायाला पायजे होतं," ती म्हणाली. "तेच्यावर गेलं असतं तर तेचं नाव गेलं असतं. ह्याच्यावर गेलं असतं तर ह्याची नोकरी. तू पोरगी. तू तर लोकाच्या घरी जानार होतीस." मग जरा थांबून म्हणाली, "आनि एकदा तुज्यावर घातल्यावर तुज्या हातात तांब्या देऊन कसं चाललं असतं? लोकांनी विचारलं असतं."

ती उठली आणि भिंतीला धरून परत बाहेर गेली. वैनी तिच्या मागे गेली. मी टबाच्या काठावर बसले. खूप बोलायचं होतं आणि कोणाशी बोलायचं ते कळत नव्हतं. बाबा गेले होते. आई सोफ्याच्या कडेवर बसली होती. उरला होता तो दादा, चाळिशीही न गाठलेला, पँट दुमडलेला, पाण्यात पाय सोडून बसलेला, आणि आपलेच पाय परके असल्यासारखे बघणारा. तो घाबरला होता. घाबरलेला दादा मी पहिल्यांदाच बघत होते.

टब गार पाण्यानं अर्धा भरला. मी नळ बंद केला. दादा म्हणाला, "आता बरोबर झालंय का गं पानी? गरम नाय ना?"

पंधरा वर्षांनी माहेरचं कोणीतरी मला पाण्याबद्दल विचारत होतं. माझं कोपर ओलंच होतं. मी पदरानं ते पुसलं.

"तूच बघ," मी म्हटलं.